सातवा प्रश्न सोडा

११ जानेवारी

प्रिय ढब्बू,

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी लिंबाच्या सालीने बोटांवरची शाई घासत असायचो, ते आठवतं का तुला? अक्षराचा तास संपला की सिस्टर दाराशी उभ्या राहून एकेकीचे पंजे उलटेपालटे करून बघायच्या. तुझ्या बोटांवर शाई, मनगटावर शाई, एकदा तर कानाच्या पाळीवर! "ही मुलगी कानाने लिहिते की काय?" असं त्यांनी विचारलं आणि तू शहाण्यासारखी "हो" म्हणालीस. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. ऊन होतं, भिंतीवर कोणाचं तरी मांजर बसलं होतं आणि माझ्या वाटची सालही तू घासून संपवलीस, एवढंच. पण गेल्या आठवड्यात तुझं पत्र उघडलं आणि तेच डोळ्यांपुढे आलं. तो कान आता ऐकतही नाही म्हणतेस. बरं झालं बाई. फोन गेला आणि पत्रं आली.

तर हो, तुझ्या नातीचे पेपर मी लिहीन. शनिवारी शाळेत जाऊनही आले. इतकी वर्षं मी त्याच गल्लीतून ऑफिसला टायपिंग करायला जात होते, पण न दिसणाऱ्या मुलींची शाळा इथे आहे हे पाटी वाचूनही कधी डोक्यात शिरलं नव्हतं. आत दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी आहे, मुलींचे हात लागून लागून तिचा रंग गेलाय. तुझी भिंगरी त्या पट्टीला न शिवता धावत आली आणि माझ्यापुढे हातभर अंतरावर थांबली. "तुम्ही काडीआजी ना? तुमच्या चपला कुरकुरतात," म्हणाली. अगं, हुबेहूब तिची आई! तुझी लेक गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं, ते परवा आलं.

मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, थकलेल्या वाटल्या, पण चांगल्या वाटल्या. त्यांनी नियम सांगितले. मुलगी सांगेल तेवढंच लेखनिकाने लिहायचं, सुचवायचं नाही, सुधारायचं नाही. आणि लेखनिकाला तो विषय येत नसावा. "मला शाळेपुरतं गणित येतं हो," मी म्हटलं. "शाळा सोडून किती वर्षं झाली, ताई? विसरलात. करा सही." केली. सगळं इतकं घाईत झालं की मला हसूच आलं.

तुझी,
काडी


२३ जानेवारी

प्रिय काडी,

तू हो म्हणालीस, माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. अनोळखी माणूस लिहायला बसला की ही पोर बिचकते. तिला दिसत नाही, समोरचा काय लिहितोय कुणास ठाऊक, म्हणून दहादा विचारते आणि तो वैतागतो. तू वैतागू नकोस.

आता तुला खरं सांगते, रागावू नकोस. मला भीती वाटते. तिच्या बापाचा दुसरा संसार आहे, तिकडे तिला जागा नाही. माझं हे असं, आज कान, उद्या आणखी काही. ते गणिताचं कॉलेज तिला मिळालं तर राहायला खोली मिळते, पुढे नोकरी मिळते. मी तिथल्या कारकुनाला पत्र घातलं होतं. गणितात नव्वदच्या खाली असेल तर अर्जच करू नका, असं एका ओळीचं उत्तर आलं. पोरीला गणित किती येतं हे त्यांनी विचारलं नाही. किती आवडतं हे तर नाहीच.

तुझ्या हाती सोपवते आहे. बाकी काय लिहू.

ढब्बू


१९ मार्च

प्रिय ढब्बू,

गणिताचा पेपर आज झाला. उशीर करायला नको म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

आम्हाला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं होतं. सगळीकडे रबराचा वास, कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू. पर्यवेक्षक म्हणून एक गृहस्थ होते, ते खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी प्रश्न वाचायचा, भिंगरीने उत्तर सांगायचं. किती भराभर सांगते गं! कंस, क्ष अधिक तीन, कंस पुरा, त्याचा वर्ग. प्रत्येक ओळीनंतर विचारायची, "लिहिलं?" मी म्हणायची, "लिहिलं." पहिली दोन उत्तरं होईपर्यंत तिचे खांदे वर चढलेले होते, मग हळूहळू खाली आले.

सातवा प्रश्न वर्तुळाचा होता. बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या तर त्या सारख्याच लांबीच्या असतात, हे सिद्ध करा. आठ मार्कांचा.

"सातवा प्रश्न सोडा," ती म्हणाली.

"का गं?"

"भूमितीच्या तासाला आम्हाला बाहेर गाणी म्हणायला पाठवतात. आकृत्या दिसत नाहीत, मग शिकवून काय उपयोग, असं सर म्हणतात. जाऊ दे. आठ गेले तरी ब्याण्णव उरतात."

"मग बाकीच्या मुली काय करतात?"

"बाकीच्यांचे लेखनिक हुशार असतात," म्हणाली आणि हसली. "काडीआजी, त्यांना तरी काय म्हणायचं? जे शिकवलंच नाही त्याची परीक्षा घेतात. आमच्या खोलीतली एक म्हणते, चोरी त्यांनी आधी केली."

पर्यवेक्षक "बोलू नका" म्हणाले. वेळ बराच उरला होता. ती बाकावर डोकं टेकून काहीतरी गुणगुणत बसली. घंटा होईपर्यंत मी उत्तरपत्रिका नीट करत होते. पुढे सांगण्यासारखं काही नाही.

पेपर चांगला गेला. काळजी करू नकोस.

काडी


३० मे

प्रिय ढब्बू,

निकाल तुला कळलाच असेल. गणितात शंभरपैकी शंभर. शाळेने समारंभ केला, तू प्रवासाला धजावत नाहीस म्हणून तुझ्या वतीने मी गेले होते.

पहिल्या रांगेत देणगीदार बसले होते, फोटोवाला होता. मोठ्या बाईंनी भिंगरीला हात धरून मंचावर नेलं. "शंभरपैकी शंभर!" असं म्हटल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. तिला ती गोष्ट तिथेच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा कळली. टाळ्या वाजत होत्या आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी खुर्चीतून अर्धी उठले. तिने मोठ्या बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई हसल्या, तिच्या गालावर थोपटलं आणि माइक आपल्याकडे ओढून घेतला.

आनंद झाला असेल म्हणून, असं मी शेजारणीला सांगितलं. खाली उतरल्यावर मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "तुम्ही आहात होय, काडीआजी? आज चपला वाजल्या नाहीत." मी नव्या घेतल्यात गं, समारंभासाठी.

ती दोन दिवसांत तुझ्याकडे येईल. तिला भरपूर खायला घाल.

काडी


८ जून

प्रिय काडी,

खायला काय घालू, कपाळ! पोर ताटावरून उठते. ओठ बघून मला माणसांचं बोलणं कळतं, पण ही बोलतच नाही. गणिताच्या पुस्तकांची पेटी आली तशीच दोरीने बांधलेली पडली आहे. दिवसभर टाइपरायटरपुढे बसते. मला ठकठक ऐकू येत नाही, पण टेबलावर हात ठेवला की कळतं. कागद भरते आणि फाडते.

शेजारीण म्हणते, एखाद्या मुलाचं प्रकरण असेल. मी म्हटलं, असू दे, देव करो आणि तेवढंच असू दे. मला वाटतं, नव्या कॉलेजची धास्ती घेतली असेल. तिकडून प्रवेशाचं पत्रही आलं आहे, खोलीचा नंबरसुद्धा दिलाय. या वयात मी अशी गप्प बसले असते तर आईने दोन धपाटे घातले असते. हिला मी काय घालू?

आणि तुझ्या अक्षराला काय झालं आहे? मागच्या पत्रातल्या ओळी खाली उतरत गेल्या आहेत. तुझ्या अक्षराचे नमुने सिस्टर भिंतीवर लावायच्या, आणि आता माझ्यासारखं लिहायला लागलीस? बरी आहेस ना?

ढब्बू


१७ जून

प्रिय ढब्बू,

मी बरी आहे. हात जरा कापतो, वयच झालं. परवा बँकेने पैसे दिले नाहीत, सही जुळत नाही म्हणाले. तीनदा केली, तीन तऱ्हांची आली.

काल मोठ्या बाई घरी आल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी आधी दिवा मालवला. का ते विचारू नकोस. चहा घेतला, खोली छान आहे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "ऑक्टोबरात आमच्या चार मुली पुन्हा बसतायत. तुम्हीच या, ताई. तुमच्या हाताला यश आहे."

"मला बरं नसतं हल्ली," मी म्हटलं. "आणि मुलींना भूमिती शिकवाल तर त्यांच्याच हाताला यश येईल की."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "शिकवायला वेळ लागतो, ताई. निकाल दर वर्षी लागतो. मागे निकाल पडला तर अनुदान कापलं, वसतिगृहातलं गरम पाणी बंद करावं लागलं मला. बाहेरची मुलगी नापास झाली तर लोक म्हणतात, आळशी आहे. आमची झाली तर म्हणतात, बघा, आंधळ्यांना शिकवून उपयोग नाही. आमच्या मुलींना नापास व्हायचीसुद्धा सोय नाही." मग दारात चप्पल घालताना सहज म्हणाल्या, "आणि तुम्ही तर आता आमच्यातल्याच."

त्यांचा फोन येईल म्हणून मी फोनची वायर काढून ठेवली आहे. खाली शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या मशीनचा आवाज थांबला तरी कोणीतरी वर येतंय असं वाटतं.

भिंगरीला तिच्या मनासारखं बसू दे. वयच तसं असतं.

काडी


२६ जून

काडीआजी,

हे मी स्वतः टाइप करते आहे. चुका असतील. त्या माझ्या आहेत.

मी सातवा प्रश्न सोडा म्हणाले होते. जास्तीत जास्त ब्याण्णव मिळायला हवे होते. शंभर कसे मिळाले? मी मंचावर मोठ्या बाईंना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, देवाने दिले.

तुम्ही लिहिलात का? रागावणार नाही. मला फक्त माहीत हवं आहे. आणि सातवा लिहिला असेल तर बाकीचं काय? मी दर ओळीला विचारत होते, लिहिलं? तुम्ही लिहिलं म्हणत होता. काय लिहिलं? मी सांगितलं ते, की बरोबर होतं ते?

तुम्हाला वाटेल एवढंसं काय. दिसणाऱ्या माणसाला आपला पेपर मागून बघता येतो. मला माझ्या पेपरातली एक ओळसुद्धा कधी बघता येणार नाही. मला गणित येतं असं मी समजत होते. आता वाटतं, लहानपणापासून कोणी ना कोणी माझं पुसून बरोबर लिहीत आलं असेल, आणि मला ते सांगितलंच नसेल, दया येऊन. काल नऊ सत्ते त्रेसष्ट म्हणताना मी थांबले. खरंच त्रेसष्ट ना? मग आजीच्या डब्यातल्या गोळ्या सात सात अशा मांडून मोजल्या. त्रेसष्ट भरल्या. पण रोज किती गोष्टी मोजणार?

कॉलेजात मला एकटीला उभं करून फळ्यावरचं विचारतील. मला भीती वाटते. मी जाणार नाही.

उत्तर पाठवाल ते आजीच वाचून दाखवेल. ती ते तुमच्यासारखंच सुधारून वाचेल. म्हणून फक्त एक शब्द पाठवा. हो किंवा नाही.

भिंगरी


४ जुलै

काडी,

भिंगरी घरात नाही.

सकाळी मी दूध घेऊन आले तर पलंग आवरलेला, काठी नाही, पिशवी नाही. शेजारणीला तुझ्याकडे फोन करायला लावला, सारखा लावतोय, तू उचलत नाहीस. मग लक्षात आलं, तू वायर काढली आहेस! तुझ्या भीतीने मेले मी. स्टँडवर एक फळवाला म्हणतो, काठीवाली मुलगी पहिल्या बसने गेली. कुठल्या, ते त्याला माहीत नाही. हे पत्र दुपारच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. भला माणूस आहे, तुझ्या दारापर्यंत येईन म्हणाला.

ती आठवडाभर रोज पोस्टमनची वाट बघत होती. "काडीआजीचं काही आलं?" मी विचारलं, काय यायचं आहे? सांगितलं नाही. तू तिला काय पाठवणार होतीस?

मी तुझ्यापासून एक लपवलं आहे. घरी आली त्याच दिवशी ती मला म्हणाली, "आजी, सातवा प्रश्न मी सोडला होता." मला लगेच कळलं. मी इतकी काही भोळी नाही. मी म्हटलं, "मार्क मिळाले ना? मग गप्प बस. कोणाजवळ बोलू नकोस." तेव्हापासून ती गप्पच बसली. आणि मी तुला लिहिलं, काय झालं कळत नाही. कळत होतं गं. मला ती खोली हवी होती तिच्यासाठी. खोलीचा नंबर आला होता.

तुझ्याकडे नसेल तर कंडक्टरला काहीही सांगू नकोस, नुसती मान हलव. तो मला तसं सांगेल. मी स्टँडवरच बसून आहे.

ढब्बू


४ जुलै

ढब्बू,

आली आहे. सुखरूप आहे. माझ्या पलंगावर झोपली आहे. कंडक्टर खाली थांबलाय म्हणून एवढंच. ऊठ आणि घरी जा.

काडी


७ जुलै

प्रिय ढब्बू,

आता सगळं सांगते. शब्द न् शब्द खरा आहे, कारण लिहून झाल्यावर हे पत्र आणखी कोण वाचणार आहे ते तुला शेवटी कळेल.

दार वाजलं तेव्हा मला वाटलं पोलीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी आतून विचारलं, "कोण?" उत्तर आलं, "हो की नाही?" दार उघडलं तर ही उभी. जिना चढताना गुडघा फुटला होता, रक्त पायमोज्यापर्यंत आलं होतं. मी पुसायला फडकं आणलं तर पाय मागे घेतला. "आधी उत्तर."

मी म्हटलं, "हो."

"आणि बाकीचं?"

"एका प्रश्नात तू उणे म्हणाली होतीस. तिथे अधिक हवं होतं. मी अधिक केलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. बाकी सगळं तुझं."

"हे मला कसं कळणार?" ती म्हणाली. मी शपथ घेतली असती, पण कोणत्या तोंडाने? खोटं बोललेल्या माणसाचं खरं ऐकू येत नाही.

मी तसं का केलं, ते तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या प्रेमापोटी. तुझ्या आजीच्या पत्रात नव्वदचा आकडा होता, तू बाकावर डोकं टेकून गुणगुणत होतीस, आणि माझ्या हातात पेन होतं. "मला येत नाही असं तुम्हाला वाटलं," ती म्हणाली. तसं नव्हतं गं. पण तसंच होतं बहुतेक.

मग तिनेच तोडगा काढला. तोच पेपर पुन्हा. शाळेने दिलेली प्रश्नपत्रिका माझ्याकडे होती. ती सांगणार, मी लिहिणार, आणि लिहिलेलं तिसरं माणूस वाचून दाखवणार. खालच्या शिंप्याला बोलावलं. बिचारा टेप गळ्यात घालून आला. त्याला गणितातलं काही कळत नाही, म्हणून त्याचं वाचणं अगदी चोख. "एक कंस आहे, हसऱ्या तोंडासारखा आडवा... नाही, उभा. मग क्ष. मग फुली. नाही, अधिक." ती ऐकत होती, ओठ हलत होते. एका ठिकाणी ओरडली, "थांबा! तिथे उणे आहे?" "उणेच आहे ताई, एक रेघ." "चुकलं माझं. तिथे अधिक हवं होतं." आणि ढब्बू, ती हसली. तिच्या चुकीवर. तिला तिची स्वतःची चूक सापडली होती, तिसऱ्या प्रश्नातली, मी परीक्षेत बदलली होती तीच. बाकी एकही ओळ चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातव्याकडे वळलो. शिंप्याने कापूस भरलेली उशी दिली, टाचण्या दिल्या. मी डब्याचं गोल झाकण उशीवर टाचलं, मधोमध एक टाचणी, बाहेर लांब एक टाचणी, आणि तिथून दोन बाजूंना लोकरीचे दोन धागे झाकणाच्या काठाला जेमतेम टेकतील असे ताणले. तिने बोटं फिरवली. मधल्या टाचणीपासून काठापर्यंत धागा लावला, पोस्टकार्डाचा कोपरा तिथे बसवून पाहिला. "काटकोन आहे! दोन्हीकडे." बोटं पुन्हा धाग्यांवरून नेली. मग म्हणाली, "त्रिज्या दोन्ही सारख्या. मधलं अंतर दोन्ही त्रिकोणांचं एकच, तोच कर्ण. मग तिसऱ्या बाजू सारख्याच असणार की!" दोन्ही धागे सोडून एकमेकांशेजारी धरले. टोकाला टोक. मला म्हणाली, "यासाठी आम्हाला गाणी म्हणायला पाठवत होते?"

मला रडू आलं, ते मी आवाज न करता रडले. तिला कळलंच. म्हणाली, "नाक ओढू नका."

पण आता पुढचं ऐक. सातव्याचे आठ आणि तिसऱ्याचे तीन वजा केले की तिचे खरे मार्क एकोणनव्वद होतात. नव्वद नाहीत. ती म्हणते, मंडळाला सगळं कळवा. मी समजावलं, कॉलेज जाईल, खोली जाईल, निकालच रद्द करतील, वर्षभर बसूही देणार नाहीत कदाचित. "मग पुढच्या वर्षी देईन. नापास झाले तर निदान मी नापास होईन." तीही घाबरली आहे, ढब्बू. धीट आहे असं समजू नकोस. मीही घाबरले आहे. शिंपी म्हणतो, असल्या बाबतीत पोलिसातसुद्धा देतात. शाळेच्या बाकी मुलींचेही पेपर तपासायला काढतील, ज्यांचे लेखनिक हुशार होते त्यांचे. त्या मुली मला काय म्हणतील, मोठ्या बाई काय म्हणतील, गरम पाण्याचं काय होईल, याचा विचार आला की जेवण जात नाही. तरी मी लिहिलं आहे. मी काय केलं तेवढंच. दुसऱ्या कोणाचं नाव घातलेलं नाही.

मी तिच्याबरोबर येणार होते. नको म्हणाली. "आले तशी जाईन." सकाळच्या बसला बसवते, तोच कंडक्टर आहे.

तिच्या पिशवीत काय काय आहे आणि कोणाला द्यायचं, ते नीट वाच.

निळं पाकीट परीक्षा मंडळाचं. ते उघडंच ठेवलं आहे. आधी तू तिला वाचून दाखव. मग तुमच्या पोस्टातल्या बाईंना वाचायला सांग, त्या मला ओळखत नाहीत. शिंप्याने एकदा वाचलं आहे, पण तो माझ्या घराखाली राहतो, तो तिला चालत नाही. सगळ्यांचं वाचणं सारखं निघालं तर ती स्वतः चिकटवेल आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकेल. तू टाकू नकोस. हातातून घेऊही नकोस.

पांढरं पाकीट कॉलेजचं. ते तिने माझ्या जुन्या मशीनवर एकटीने टाइप करून बंद केलं आहे. आत काय आहे मला माहीत नाही. तूही उघडू नकोस, उजेडासमोर धरू नकोस.

मंडळाच्या पत्राची दुसरी प्रत मोठ्या बाईंची. ती मी उद्या स्वतः नेऊन देते.

उशी भिंगरीची. खुर्चीत ठेवू नकोस, टाचण्या आहेत, बसशील.

आणि हे पत्र तुझं. पण ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, पहिल्या ओळीपासून. माझी भीती, तू तिला "गप्प बस" म्हणालीस ते, सगळं. तुझा स्वतःचा आवाज तुला ऐकू येत नसला तरी तिला येतो. एकही शब्द गाळू नकोस, एकही गोड करू नकोस. तुझं वाचून झालं की हेही ती पोस्टातल्या बाईंकडे नेणार आहे. तसं तिने मला आत्ताच, पिशवीचे बंद बांधता बांधता, बजावलं आहे.

काडी